अवधाण, हत्तीपाय आणि सिस्टरची टेप

पायात काटा रुतला, जखम चिघळली की एक-दोन दिवसांत जांघेत गाठ येते. घरातली म्हातारी माणसं लगेच ओळखतात, "अवधाण आलं." पण जखम पायाला आणि गाठ जांघेत, असं का? हा प्रश्न वर्गात विचारून बघा, मुलं गप्प होतात. रक्ताभिसरण आपण हौसेने शिकवतो, हृदयाची आकृती काढून घेतो. लसीका संस्था मात्र एखाद्या ओळीत आटोपते. आमच्या पूर्व विदर्भात तरी ती नीट शिकवायला हवी, असं मला वाटतं.

केशवाहिन्यांच्या भिंतीतून पाणी, क्षार, थोडी प्रथिने सतत बाहेर पाझरत असतात. यातलं जे थेट रक्तात परत जात नाही, दिवसाला काही लिटर, ते उचलून नेतात लसीकावाहिन्या. गावातल्या नालीसारखं समजा, फक्त पायातली ही नाली चढावर वाहते आणि तिला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्या स्वतः थोड्या आकुंचन पावतात; बाकी काम चालणं, पोटरीचे स्नायू आणि श्वास करतात. आतल्या झडपा लसीकेला मागे येऊ देत नाहीत. वाटेत जांघ, काख, मान इथे ग्रंथींच्या चौक्या आहेत. तिथे जंतू अडवले जातात, लढाई होते आणि गाठ सुजते. तेच अवधाण. तिथून पुढे लसीका मानेच्या बुडाशी मोठ्या शिरांत, म्हणजे पुन्हा रक्तात मिसळते.

आता ही नाली तुंबली तर? हत्तीरोगात तेच होतं. घाण पाण्यात वाढणारा क्युलेक्स डास चावतो आणि जंतांच्या अळ्या शरीरात शिरतात. मोठे झालेले जंत लसीकावाहिन्यांत वर्षानुवर्षे राहतात. वाहिन्या फुगतात, झडपा निकामी होतात, पाणी पायातच साचतं. जंतांची पिल्लं मात्र रात्री रक्तात फिरतात. म्हणून तर आरोग्य कर्मचारी रक्ताचा नमुना घ्यायला रात्री येतात. लोक चिडतात, "हे काय यायची वेळ आहे?"

माझ्या मोठ्या आईचा डावा पाय असाच. लग्नकार्याला जाणं तिने कधीच सोडलं होतं. दर पावसाळ्यात दोन-तीनदा हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लाल व्हायचा आणि ताप उतरला तरी पाय आधीपेक्षा जाडच राहायचा. आम्हाला वाटायचं, जंतच उसळतात. उपकेंद्राच्या सिस्टरने बोटं फाकवून दाखवलं, मधल्या बेचक्यांत चिखल्या होत्या. "जंतू इथून शिरतात. तुंबलेल्या पायात त्यांना अडवणारं कोणी नाही."

मग तिने घमेलं मागवलं आणि ओट्यावर बसून स्वतः पाय धुतला. साधं पाणी, अंगाचा साबण. गरम पाणी नाही, घासणं नाही. मऊ फडक्याने टिपून बेचके कोरडे केले, मलम लावलं. घोट्याच्या वर ठरावीक जागी टेप लावून घेर वहीत लिहिला. मोठी आई पाय मागे ओढत होती, "बाई, राहू द्या, घाण आहे." सिस्टर म्हणाली, "घाण नाही हो, पाणी आहे."

त्यानंतर वहिनी रोज रात्री पाय धुऊन देते. झोपताना पायाखाली उशी, बसल्या जागी घोटा वर-खाली करणं. तापाच्या दिवसांत मात्र व्यायाम बंद, गार पाण्याच्या पट्ट्या आणि दवाखाना. गेल्या पावसाळ्यात ताप एकदाच आला. पाय बारीक झाला असं नाही म्हणता येणार, पण टेपवरचा आकडा वाढलेला नाही. औषधाइतकंच, कदाचित जास्तच, हे शुश्रूषेचं काम आहे. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या ग्रंथी काढल्यावर सिस्टर शक्यतो त्या हाताला सुई टोचत नाहीत, त्याचंही कारण हेच.

मुलं विचारतात, "आम्हाला काहीच झालं नाही, मग गोळ्या कशाला?" जंत शरीरात असूनही वर्षानुवर्षे काहीच दिसत नाही, म्हणून. गोळ्या रक्तातली पिल्लं मारतात, मग डासाला पुढे न्यायला काही उरत नाही. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी सोडून सगळ्यांनी त्या घ्यायच्या, कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या. रिकाम्या पोटी मात्र नाही. आमच्या शाळेत त्या खिचडीनंतरच देतात.