शहाण्याला पाटीचा मार

शहाण्याला शब्दाचा मार, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पुण्याच्या जुन्या पेठांत एक बाई राहते, तिचा या म्हणीवर विश्वास नाही. शहाण्याला एका शब्दात कळतं, हे तिला मान्य आहे. दारात आलेला माणूस शहाणा आहे, हे मान्य नाही.

तिचं नाव पाटी. माहेर पुणे, सासरही पुणेच. तुमची तिची गाठ कधी ना कधी पडणारच, म्हणून आधी स्वभाव सांगून ठेवतो.

सदाशिव पेठेतला एक वाडा घ्या. दाराच्या चौकटीवर बेलचं पांढरं बटण आणि त्याच्या बरोबर वर वीतभर पत्रा. पत्र्यावर काळ्या रंगात लिहिलंय: ‘बेल एकदाच वाजवावी. एकदा वाजवलेली बेल आत ऐकू येते. दार उघडण्यासाठी माणसाला चालत यावे लागते.’ पहिल्या वाक्याला आपण मान डोलावतो. दुसऱ्याला कपाळावर आठी पडते. तिसऱ्याला येईपर्यंत आपण दुसरीच्या वर्गात, मागच्या बाकावर, कान धरून उभे असतो.

नावातच शाळा आहे तिच्या. ज्या पाटीवर आपण पेन्सिलीने ‘ग’ गिरवला, तिचीच ही थोरली बहीण. धाकटीवर आपण लिहायचो आणि चुकलं की पुसायचो. थोरलीवर फक्त ती लिहिते आणि चुकलेले असतो आपण.

तिच्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. लोक तिला विनोदी समजतात. हल्ली फोनवर तिचे फोटो फिरतात आणि त्यातल्या निम्म्या तरी तोतया असाव्यात असं वाटतं. तोतया ओळखायची खूण सोपी आहे: ती हसवायला बघते. खरी पाटी कधीच कोणाला हसवायला लिहिलेली नसते. तिच्या पोटात एक तक्रार असते, खरीखुरी, बरेच दिवस सहन केलेली. कोणीतरी जिन्याखाली स्कूटर लावलेली असते, कोणीतरी पहाटे सहाला बेलवर बोट दाबून धरलेलं असतं. आपण हसतो ते तिच्या गंभीरपणाला.

रूपाची तिला फार हौस. पूर्वी तिला रंगवायला पेंटर यायचा. तो पेन्सिलीने ओळी आखायचा, अक्षरांना सावली द्यायचा, ‘नये’खाली तांबडी रेघ मारायचा. आता बरेचदा संगणकावर छापलेला कागद लॅमिनेट करून चिकटवतात आणि पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या आत पाणी शिरतं. पण कागदावर आली म्हणून ऱ्हस्वदीर्घाची चूक तिला खपत नाही. गाडी चुकीच्या जागी लावणाऱ्याला ती एकवेळ माफ करील, वेलांटी चुकीची देणाऱ्याला नाही.

या शुद्धलेखनामुळेच तिचं वय लपत नाही. एखाद्या बोळात ‘येथें सायकली लावूं नयेत’ अशी पुसट अक्षरं दिसली, तर ‘येथें’वरचा आणि ‘लावूं’वरचा अनुस्वार बघा. १९६२ साली सरकारने साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम मान्य केले आणि असे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. म्हणजे ही बाई बहुधा त्याच्या आधीची, किंवा तिला लिहिणारा नव्या नियमांना न जुमानणारा. पुणं सायकलींचं शहर होतं तेव्हा ती सायकलींवर रागवायची, मग स्कूटरींवर, आता चारचाकींवर. वाहनं बदलत गेली. ‘येथे’ मात्र तेच राहिलं.

ती कोणाला ‘तू’ म्हणत नाही आणि ‘तुम्ही’ही म्हणत नाही. तिची क्रियापदं ‘वे’, ‘वी’ आणि ‘नये’वर संपतात: वाजवावी, थांबावे, थुंकू नये. समोर माणूस आहे याची तिने दखलच घेतलेली नसते. आणि धमकी द्यायची वेळ आली की वाक्यातला कर्ताच नाहीसा होतो. ‘येथे लावलेल्या वाहनाची हवा सोडण्यात येईल.’ कोण सोडणार? ते सांगितलेलं नाही. आपण परत येतो तेव्हा दोन्ही चाकं जमिनीला टेकलेली असतात, व्याकरण निर्दोष असतं आणि तळमजल्यावरचे सज्जन आजोबा कुंड्यांना पाणी घालत असतात. ‘पंक्चरवाला कोपऱ्यावर आहे,’ ते आपण होऊन सांगतात. ‘चारला उघडतो.’

दुपारी एक ते चार हा तिचा रागाचा प्रहर. सकाळी ती नुसती सांगते, दुपारी ती प्रश्न विचारते: ‘आपण दुपारी विश्रांती घेत नाही काय?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. पाऊल न वाजवता मागे फिरायचं असतं.

एवढी बोलकी ती झाली कशी, हे कळायला वाड्यात शिरावं लागतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. मालकाला भाडं वाढवता येईना, भाडेकरूला बाहेर काढणं कठीण झालं. त्या तुटपुंज्या भाड्यात दुरुस्ती करायला मालकाचा हात चालेना, आणि इतक्या स्वस्तातलं घर भाडेकरू सोडीना. भिंती वेगळ्या, पण चौक एक, नळ एक, जिना एक, संडास एक. कोर्टात दावे चालले, माणसांचं बोलणं बंद पडलं. पण नळ तर रोज भरायचा असतो. मग बोलायचं काम पाटीने अंगावर घेतलं. नळावर मालकाची पाटी लागायची: ‘नळ बंद करावा. बंद करणे म्हणजे थेंबही न गळणे.’ दोन दिवसांनी शेजारी दुसरं अक्षर दिसायचं: ‘नळाचा वॉशर बदलावा. वॉशर मालकाने बदलायचा असतो.’ समजावून सांगायची ही खोड तिला तिथे लागली. अबोला धरलेल्या माणसांना एकमेकांशी बोलायचं झालं, की ती एकमेकांना मूर्ख धरूनच बोलतात.

दुसरी खोड तिला दुकानांनी लावली. पेठांतली घरं क्रमांकावरून सापडतील अशी आशा धरू नये. तिथे पत्ते सांगायचे ते देवळांवरून. पत्र्या मारुती, जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उंबऱ्या गणपती, खुन्या मुरलीधर. नवखा माणूस नावं ऐकूनच गांगरतो आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर चढतो. मग दुकानावर पाटी लागते: ‘येथे पत्ते सांगितले जाणार नाहीत. हे दुकान आहे.’

या दुसऱ्या वाक्यापाशी जरा थांबा. बाईचा सगळा स्वभाव तिथे आहे. ‘येथे पत्ते सांगितले जाणार नाहीत’ ही सूचना झाली. ती वाचून माणूस निमूट पुढे जाईल. ‘हे दुकान आहे’ हे त्याला आधीच दिसतंय. पाटीचं पहिलं वाक्य कामाचं असतं, अपमान दुसऱ्यात असतो. साधी गोष्ट फोड करून सांगणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं, मग तो बँकेत स्लिप भरायला शिकवणारा असो, की लग्नात आपल्याला वरण-भात कालवायला शिकवणारे काका असोत. माहितीवर कोणी चिडत नाही. तिच्या मागून येणाऱ्या कारणावर चिडतात.

पण दुकानदाराच्या बाजूनेही एकदा बघायला हवं. विचारणाऱ्याची ती पहिलीच वेळ असते, सांगणाऱ्याची दिवसातली चाळिसावी. आधीच्या एकोणचाळीस जणांचा वैताग या बिचाऱ्या चाळिसाव्याच्या पदरात पडतो. पाटी लावली की दुकानदाराच्या जिवाला आराम मिळतो, पण तो वैताग रंगात वाळून कायमचा बसतो आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक पहिल्या माणसाला चाळिसावा ठरवतो. पाटीचा खरा दोष हा. माणूस निदान चेहरा बघून आवाज खाली आणतो, तिला चेहरा बघता येत नाही.

तिच्याशी वागावं कसं? तऱ्हा तीन. काही जण भांडतात. खडूने खाली उत्तर लिहितात, आणि आठवड्याभरात तिथे आणखी मोठी, आणखी दोन वाक्यं जास्त असलेली पाटी येते. काही जण मनाला लावून घेतात आणि पेठेत जाणंच सोडतात. नुकसान त्यांचंच, कारण चांगली बाकरवडी आणि चांगली पुस्तकं दोन्ही तिथेच मिळतात. तिसरी तऱ्हा मुरलेल्या पुणेकराची. तो पाटी पूर्ण वाचतो, ‘बरं’ म्हणतो आणि पहिलं वाक्य तेवढं घरी नेतो. दुसरं वाक्य आपल्यासाठी नाही, आधी येऊन गेलेल्या कोणासाठी तरी आहे, हे त्याला ठाऊक असतं. मला ही तऱ्हा मनापासून आवडते. समजावणाऱ्याला ‘मला माहीत आहे’ असं सांगून कोणी कधी जिंकलेलं नाही. त्याने तो पहिल्यापासून सुरू करतो.

कधी कधी मात्र तिसरं वाक्यही असतं, आणि ते वाचायचं राहून जातं.

बेलवाल्या त्याच वाड्यात एकदा कुरियरचा पोरगा आला. अठरा-एकोणीसचा, गावाकडून नुकताच आलेला, हातात औषधांचं खोकं. त्याने पाटी वाचली, ओठ मुडपले, बेल दाबली. अर्धं मिनिट गेलं. मग त्याने पाटीकडे बघत, मुद्दाम, पुन्हा बेल दाबली.

आतून आवाज आला. टक्. मग शांतता. मग पुन्हा टक्. शहाबादी फरशीवर वॉकरचे चार पाय टेकत होते. मधेच ते दोनदा घाईघाईने टेकले, काहीतरी घसरल्यासारखं झालं, आणि पोराचा हात आपोआप दाराकडे गेला. कडी निघाली. ऐंशीच्या पुढच्या आजी, एका हाताने चौकट धरून धापा टाकत होत्या.

‘एकदाच वाजवायची रे बाळा,’ त्या म्हणाल्या. ‘पहिलीलाच निघालेली असते मी. दुसरी वाजली की घाई होते.’

पोराने वर बघितलं. दार उघडण्यासाठी माणसाला चालत यावे लागते.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा आला. बेल एकदा दाबली, खोकं ओट्यावर ठेवलं, टोपी काढली आणि टक्, टक् ऐकत उभा राहिला.