दात आणि दावण

आमच्या धर्मग्रामाच्या मोटारीसाठी जी वर्गणी जमली होती, तिची वही माझ्यापाशी आहे. पन्नास रुपयांपासून पाच हजारांपर्यंतचे आकडे तीत आहेत. पन्नास रुपये देणारी बाई खुरपणीच्या मजुरीवर जाते. ही वही कपाटातून काढताना आजही माझा हात क्षणभर थबकतो.

आमची कुटुंबे भीमेच्या दोन्ही तीरांवर, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर विखुरलेली आहेत. एका रविवारी तीन ठिकाणी मिस्सा अर्पण करावयाची म्हटले की वाहनावाचून गत्यंतर नसते. नवी गाडी आवाक्याबाहेर, म्हणून २०२१ च्या आरंभी आम्ही जुनी घेण्याचे ठरविले. पुण्यातील एका विक्रेत्याकडे चार वर्षांची गाडी पाहिली. मीटरवर आकडा होता ३१,४००. (आपल्याकडे 'मायलेज' विचारले की लिटरला किती जाते ते सांगतात, किती धावली हे जाणून घ्यावयाचे तर 'रनिंग' विचारावे लागते.) वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर हा बाजाराचा ढोबळ हिशेब. त्या मानाने ही गाडी जवळजवळ कोरीच. आसनांवरचे प्लास्टिकदेखील निघाले नव्हते. क्रमांक 'एम.एच. ०९', म्हणजे कोल्हापूरचा होता आणि आम्ही तिसरे मालक ठरणार होतो. मी दोन्ही गोष्टी वाचल्या आणि सोडून दिल्या. आकड्याने मला मोहविले.

पुढल्या वर्षीच्या पावसाळ्यात एका रात्री निरोप आला. ज्यांनी आयुष्यभर वस्तीवस्तीवर मुलांना धर्मशिक्षण दिले ते आमचे वृद्ध मास्तर अत्यवस्थ होते. पवित्र तेल आणि ख्रिस्तशरीर घेऊन मी निघालो. निम्मी वाट सरते न सरते तोच दिवे मिणमिणू लागले, आणि एका ओढ्याच्या अलीकडे गाडी जी थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. दूरध्वनी लागेना. पहाटे दुधाच्या टेम्पोने मला उचलले. मी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसे जमली होती. मृताला अभ्यंग देता येत नाही. मी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. मास्तरांची पत्नी एवढेच म्हणाली, ''फादर, दाराकडे डोळे लावून होते.'' देवाची कृपा कुणाच्या मोटारीवर अवलंबून नाही, हे मी इतरांना शिकवितो. त्या अंगणात मात्र ते शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

दौंडच्या मिस्त्रीने गाडी उघडली. पायाखालचा गालिचा उचलताच त्याने मला हाक मारली. पत्र्याच्या सांध्यांत वाळलेला गाळ होता, नदीचा, मऊ आणि राखाडी. आसनांच्या रुळांना गंज चढला होता, वायरींची तोंडे हिरवी पडली होती. परिवहन कार्यालयातून माहिती काढली तेव्हा पहिल्या मालकाने गाडी २०१९ च्या अखेरीस दुसऱ्याच्या नावे केल्याचे दिसले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीला पंचगंगा आणि कृष्णेने काय केले, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले आहे. गाडी फार धावली नव्हती हे खोटे नव्हते. ती बुडाली होती.

तेव्हापासून मला एक गोष्ट सलते. जे मी गाडीच्या बाबतीत केले नाही, ते मी धर्मगुरू म्हणून नित्य करतो. विवाह ठरला की वधूवरांकडून आम्ही स्नानसंस्काराचा दाखला मागतो, आणि तो सहा महिन्यांच्या आतला हवा असा आग्रह धरतो. जन्मतारीख काही सहा महिन्यांत बदलत नाही. पण स्नानसंस्काराच्या वहीला समास असतो आणि दृढीकरण, विवाह, गुरुदीक्षा, व्रतबंधन या साऱ्यांची नोंद त्या समासात करावी असा ख्रिस्तसभेच्या कायद्याचा, म्हणजे १९८३ च्या संहितेतील ५३५ व्या कलमाचा, दंडक आहे. आम्ही समास वाचण्यासाठी दाखला मागवितो. आणि मी गाडी घेतली ती केवळ तिचे वय आणि आकडा पाहून!

पुन्हा गाडी शोधण्याची वेळ आली तेव्हा आमच्या वित्तसमितीत दोन पक्ष पडले. एक म्हणे, धाव कमी तीच घ्यावी. दुसरा म्हणे, मालक एकच असावा. मी या वेळी थोडा अभ्यास केला. जुन्या काळच्या कित्येक गाड्यांच्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यांची रांग. मीटर तारेवर चाले, ती तार काढून ठेवली की गाडी धावली तरी आकडा स्थिर. आता मीटर इलेक्ट्रॉनिक झाले, पण योग्य यंत्र जोडले तर तो आकडाही बदलता येतो. म्हणून ब्रेक आणि क्लचच्या पायदांड्यांचे रबर पाहावे, स्टेअरिंग गुळगुळीत झाले आहे का ते पाहावे. टायरच्या बाजूला चार अंक ठसविलेले असतात. '२३१७' म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. मीटर वीस हजार सांगत असेल आणि चारही टायर गाडीहून तीन वर्षांनी तरुण असतील, तर कुणीतरी असत्य बोलते आहे.

परंतु आकडा खरा असला तरी तो किती सांगतो? इंजिनाची झीज मुख्यतः थंड इंजिन सुरू होताना आणि तापण्यापूर्वीच बंद होताना होते. महामार्गावर एका चालीने लाखभर किलोमीटर गेलेली गाडी बाजारहाटापुरती दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीपेक्षा पुष्कळदा निरोगी असते. उभ्या गाडीचेही हाल होतातच. रबरी सील सुकतात, बॅटरी मरते, टाकीत ओल धरते. याचा अर्थ धाव बिनमहत्त्वाची, असा नव्हे. क्लच, शॉकअब्सॉर्बर, बेअरिंगे यांना किलोमीटरच मोजावे लागतात. पण तो खर्च आधी मिस्त्रीला विचारून कागदावर मांडता येतो. पाण्यात बुडालेल्या गाडीचा खर्च कुठे मांडावयाचा?

मालकांचा इतिहासही डोळे मिटून स्वीकारू नये. नोंदणीच्या कार्डावर मालक कितवा, एवढा अनुक्रम असतो. मागील नावे आणि हस्तांतरणाच्या तारखा मुद्दाम विचाराव्या लागतात. शिवाय आपल्याकडे एक वाईट चाल आहे. विकणारा फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देतो, घेणारा ते कागद खिशात ठेवून गाडी पुढे विकतो. गाडी चार दारे फिरते आणि कागदावर 'पहिला मालक' तसाच राहतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमानुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवावयाचे असते. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात गाडी एकामागून एक हातांत गेलेली होती, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने ज्याचे नाव नोंदणीत राहिले होते त्याच्यावरच ठेवली. उलट, तीन नावे म्हणजे दोषच असेही नाही. बाप वारला, मुलाच्या नावे झाली, त्याने धाकट्या भावाला दिली: नावे तीन, अंगण एक.

मांडवगण फराट्याच्या आबांची बोलेरो पाहावयास गेलो तो दिवस ऊसतोडीचा होता. बांधाकडेने टायरगाड्या लागल्या होत्या. आबा आपल्या धर्माचे नव्हेत. माझा झगा पाहून ''रामराम फादर, या'' म्हणाले आणि आधी चहा दिला. मीटरवर होते १,४६,२००. माझ्यासोबतच्या वित्तसमितीच्या सदस्याने माझ्याकडे पाहिले.

मी काही विचारण्यापूर्वीच आबा सांगू लागले. ''उजवीकडची काच निम्म्यात अडकते. मागचा एक शॉकअब्सॉर्बर गळतोय. आन् चार वर्षांमागं बांधावरनं घसरली होती, डाव्या अंगाचा पत्रा ठोकून घेतलाय.'' मग त्यांनी घरातून एक वही आणली. ऑइल कधी बदलले, किती किलोमीटरला, टायर कुठून घेतले, सारे वेड्यावाकड्या अक्षरात, पहिल्या दिवसापासून. वहीतील किलोमीटर आणि गॅरेजच्या पावत्यांवरील किलोमीटर जुळत होते.

''आबा, रनिंग फार झाले,'' आमचा सदस्य म्हणाला.

''झालंय की. रोज दौंडला दूध घालायचं म्हटल्यावर होणारच. तुम्ही बैल घेतलाय कधी?'' आबा हसले. ''बाजारात बैलाचे दात बघत्यात. दोन दाती, चार दाती, जुळलेला. दातावरनं वय कळतं. पण जाणता माणूस इचारतो, दावण कुणाची? कुणाच्या दावणीला होता, पोटाला काय घातलं, मारका झाला तो कुणाच्या हातनं. दात काय, बाजारात कानशीनं घासून पण देत्यात.''

त्याच आठवड्यात आम्ही गाडी घेतली. पैसे, फॉर्म आणि विम्याचे नाव एकाच दिवशी झाले.

राहिली होती ती बुडालेली गाडी. मिस्त्रीने ती चालती करून दिली होती. एक तरुण ती पाहावयास आला. मीटरवर एक्कावन्न हजार पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि त्या चेहऱ्यात मला माझाच चेहरा दिसला. आमचे एक ज्येष्ठ सदस्य हळूच म्हणाले, ''फादर, विचारले तर सांगा.'' त्याने विचारले नाही.

सेमिनरीत असताना संत थॉमस अक्वायनस यांचा खरेदी-विक्रीतील कपटावरचा प्रश्न आम्ही अभ्यासला होता. एकाक्ष घोडा विकताना त्याचा डोळा दाखवून देण्याची सक्ती विक्रेत्यावर नाही, कारण तो दोष उघड आहे; मात्र लंगडा घोडा वेगवान म्हणून विकणे पाप होय. दोष झाकलेला आणि घेणाऱ्यास घातक असेल, तर तो सांगितलाच पाहिजे. तेव्हा हा धडा मला परीक्षेपुरता वाटला होता. मी त्या तरुणाला गालिचा उचलून दाखविला. त्याने माझे आभार मानले आणि तो गेला. अखेर सुट्या भागांसाठी एका मिस्त्रीने ती घेतली, आधीच्या बोलीपेक्षा सत्तर हजारांनी कमी देऊन. पुराचा उल्लेख मी विक्रीच्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिला.

त्या महिन्याच्या बैठकीत ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ''तुमचे अक्वायनस आमच्या वर्गणीतून बोलले, फादर.'' कुणी हसले नाही. वहीतला पन्नास रुपयांचा आकडा त्यांनाही ठाऊक होता, मलाही. मी म्हणालो की पहिली चूक माझी होती, आणि त्यातला जमेल तेवढा भाग मी माझ्या मिस्साच्या दानातून भरीन. ते काम अजून चालू आहे.

आबांनी त्यांची वही गाडीबरोबरच दिली. ''ही तिचीच हाय,'' म्हणाले. आता तीत माझे अक्षर आहे. गेल्या मंगळवारची नोंद: १,८३,७५०, ऑइल बदलले, उजवी काच अजून अडकते.