मे महिन्यातला हीटर

धाराशिवमध्ये गाडीच्या हीटरची कुणाला आठवण होत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या पहाटा सोडल्या तर त्याला हात लावायचं कारण नसतं. जुनी गाडी घेताना एसी बघतात, टायर बघतात, हीटर कुणी बघत नाही. मला मात्र भर मे महिन्यात, रस्ता भाजून निघत असताना, हीटर लावायला सांगणारा माणूस भेटला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले, आणि घरापुढं पत्र्याचं शेड टाकून तिथंच लोकांच्या गाड्या बघणारे. माझ्या वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, अखेरच्या काळातला प्रवास त्यांच्यामुळं निर्धोक झाला. ते ऋण फेडायचं राहून गेलं. निदान ते कसलं होतं हे नीट लिहून ठेवावं, म्हणून हा लेख.

गोष्ट २०१६च्या उन्हाळ्यातली. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी यायचं, तेच दिवस. आमच्याकडे, तेव्हाच्या उस्मानाबादेत, गल्लोगल्ली टँकरच्या वाटेवर घागरींच्या रांगा. दादांचं डायलिसिस सुरू झालं होतं आणि त्यासाठी त्यांना सोलापूरला न्यावं लागे. सत्तरेक किलोमीटरचा रस्ता. सोलापूर-येडशी चौपदरीकरणाचं काम चाललेलं, त्यामुळं धूळ आणि ठिकठिकाणी वळवलेली वाहतूक. तुळजापूरचा घाट जाताना उतरायचा आणि येताना चढायचा. म्हणजे डायलिसिस होऊन दादा गळून गेलेले असताना नेमका चढ, तोही ट्रकांच्या मागं, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर.

गाडी डिझेलची, जुनी, कुणाकडून तरी घेतलेली. सपाटीला तापमानाचा काटा खाली, घाटात सरसर वर. एका गॅरेजवाल्यानं थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकला. ‘आपल्याकडं एवढं ऊन, वॉल लागतोय कशाला?’ असं त्याचं म्हणणं. आपल्या भागात हा समज फार पसरलेला आहे. वॉल निघाला, तरी घाटातलं तापणं थांबलं नाही.

एका दुपारी परत येताना घाटात बॉनेटखालून वाफ दिसायला लागली. शेजारच्यांनी कधीतरी दिलेला अण्णांचा नंबर फोनमध्ये होता. मी गाडी कडेला घेतली आणि फोन लावला. त्यांनी नाव-गाव काही विचारलं नाही.

“काटा कुठंय?”

“लालजवळ.”

“हीटर लाव, फुल. वारं गरम यायलंय का गार?”

मी लावला. मागच्या सीटवर दादा ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेले. हवा चक्क गार येत होती.

“मग आत पाणी राहिलं न्हाई. बंद कर गाडी, आत्ताच. झाकणाला हात लावू नको. तुझ्याबरोबर कोण हाय? त्यांना सावलीत बसव. मी येतो.”

‘वारं गरम का गार?’ या एका प्रश्नाचं मोल मला नंतर कळलं. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागं बसवलेला छोटा रेडिएटरच. त्याला वेगळी आग नाही की वेगळी वीज नाही; इंजिनातलं तापलेलं पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. काटा वर असताना हीटरची हवा गरम येत असेल, तर पाणी फिरतंय. मग एसी बंद करून, काचा खाली करून, हीटर पूर्ण उघडला की इंजिनाची थोडी तरी उष्णता त्या वाटेनं बाहेर पडते आणि माणूस सावकाश पुढच्या थांब्यापर्यंत पोचतो. पण काटा वर आणि हवा गार, याचा अर्थ बहुतेक वेळा पाणी संपलंय किंवा मध्ये हवा अडकलीय. तशात थोडं अंतर जरी गाडी रेटली, तर हेड वाकतं, गॅसकेट जळतं आणि खर्च गाडीच्या किमतीला भिडतो.

अण्णा एसटीनं आले. घाटात सहसा न थांबणारी गाडी त्यांच्यासाठी थांबली. हातात कापडी पिशवी, तिच्यात होज पाइप, क्लिपा, पाने, आणि दुसऱ्या हातात पाण्याचा कॅन. दुष्काळात कॅनभर पाणी घेऊन निघणं ही लहान गोष्ट नव्हती. त्यांनी बॉनेटकडं बघितलंच नाही. आधी दादांजवळ गेले, त्यांचा हात हातात घेतला, आणि रस्त्यात उभे राहून सोलापूरकडून येणारी बस थांबवली. दादांना पुढच्या सीटवर बसवलं, कंडक्टरला सांगितलं, “स्टँडवर माझा पोरगा घ्यायला येईल, तोवर यांना उतरू देऊ नको.” मुलाला फोन केला. बस दिसेनाशी झाल्यावर मग बाह्या सरसावल्या.

रेडिएटरचा वरचा पाइप क्लिपेजवळ फाटला होता. तरीही त्यांनी लगेच काही उघडलं नाही. रेडिएटरच्या डोक्यावर उघडा तळहात ठेवता येईपर्यंत थांबायचं, हा त्यांचा नियम. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम असताना झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि त्या पाण्याची एकदम वाफ होऊन तोंडावर येते. असे भाजलेले ड्रायव्हर त्यांनी नोकरीत बघितले होते. निघताना मी पैसे पुढं केले. “पाइपाचे आन् क्लिपांचे दे. घाटात थांबलेल्या गाडीची मजुरी घेत नसतो,” एवढंच म्हणाले.

खरी तपासणी नंतर त्यांच्या शेडमध्ये झाली, तीही पहाटे, इंजिन पूर्ण थंड असताना. पाना उचलण्याआधी प्रश्न. उभी असताना तापते का पळताना? गावात सिग्नलला, गर्दीत तापली तर पंखा बघायचा, त्याची मोटर, त्याचा स्विच. चढाला तापली तर पाण्याची वाट कुठं अडलीय ते शोधायचं. किती पाणी पितेय? बाहेर गळत नाही आणि तरी कमी होतंय, तर झाकण काढून गाडी चालू करायची आणि बुडबुडे येतात का बघायचं. सतत येत असतील तर गॅसकेटची शंका. आत गोडसर वास, काचेवर चिकट धुकं, डावीकडच्या पायाखालची चटई ओली, तर हीटरची जाळीच गळतेय. ते बोलत आणि माझा हात धरून तिथं तिथं लावत. मला मेकॅनिक व्हायचं नव्हतं, पण वडिलांना घेऊन एकटी गाडी चालवणाऱ्या मुलीला हे यायलाच पाहिजे, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी माझ्यावर सोडलं नाही.

मग गाडी गरम होऊ दिली. पंखा बंद असताना हीटरकडं जाणारे दोन पाइप मला चाचपायला लावले. एक चटका बसेल असा, दुसरा जेमतेम कोमट. पाणी जाळीतून पुढं सरकतच नव्हतं. रेडिएटरचंही तेच: कडेला गरम, मधला पट्टा गार. डिसेंबरच्या पहाटे हीटर गरम होत नाही आणि मेमध्ये घाटात गाडी तापते, या मला दोन निरनिराळ्या तक्रारी वाटत होत्या. अण्णांनी दोन्हींचं मूळ एकच दाखवलं: बोअरचं पाणी. आमच्या खडकातल्या खोल बोअरचं पाणी जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर घट्ट बसतात. चहाच्या पातेल्याला धरतो तसा पांढरा थर या गाडीच्या नळ्यांना आतून धरला होता. आधीच्या मालकानं वाटेत मिळेल ते पाणी वर्षानुवर्षं ओतलं असणार.

वॉल काढून टाकल्याचा त्यांना राग होता. थर्मोस्टॅट काढला की इंजिन सपाटीला थंडच राहतं, डिझेल जास्त जळतं, हीटर कोमट. शिवाय बऱ्याच इंजिनांत हा वॉल उघडताना पाण्याची आडवाट बंद करत असतो. वॉलच नसेल तर बरंचसं गरम पाणी रेडिएटरला न जाता आडवाटेनं परत इंजिनात येतं. म्हणजे गाडी थंड राहावी म्हणून केलेल्या कामानं घाटात ती उलट जास्त तापणार. नवा वॉल बसवण्याआधी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात तो तपासला. आईच्या पातेल्यात पाणी, वॉल दोऱ्याला टांगलेला, शेजारी थर्मामीटर. ८२ अंशांच्या आसपास तो हळूच उघडला. आई, मी आणि दादा, तिघं गॅसभोवती उभे. दादा आयुष्यभर शाळेत गुरुजी; त्या दिवशी त्यांनी अण्णांना पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं. आजार सुरू झाल्यापासून इतका उत्साह त्यांच्यात मी पाहिला नव्हता.

रेडिएटर जुना, पितळी, म्हणून उघडून सळई मारता आली. हीटरच्या जाळीत उलट्या बाजूनं हलक्या दाबानं पाणी सोडलं. आणि पाणी कुठलं? शेजारच्या दुकानाच्या एसीतून ठिबकणारं. अण्णा ते डब्यात साठवायचे, कारण त्यात क्षार नसतात. धुऊन निघालेलं पाणीही फडक्यातून गाळून पुन्हा वापरलं. टँकरच्या पाण्यानं गाडी धुणं त्यांना त्या वर्षी पाप वाटत होतं.

शेवटी निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. गाडीचं तोंड चढाकडं करून, हीटर पूर्ण उघडा ठेवून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू. हवा अशी निघते. झाकणही नवं घातलं, जुन्याचं रबर कडक होऊन दाब धरत नव्हतं. सांडलेला प्रत्येक थेंब त्यांनी पुसून घेतला. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

त्यानंतर दादा असेपर्यंत त्या घाटानं आम्हाला कधी थांबवलं नाही. दादा गेले, पुढं अण्णाही गेले. शेड आता बंद आहे.

तुळजापूरच्या घाटातून जाणाऱ्यांना माझं एक मागणं आहे. उन्हाळ्यात गाडीत पाण्याचा कॅन ठेवा. वाफ सोडत उभी असलेली गाडी दिसली तर थांबा, त्यांना झाकण उघडू देऊ नका, आणि गाडीकडं बघण्याआधी आत कोणी म्हातारं, आजारी, लेकरू आहे का ते बघा. मदतीचे पैसे घेऊ नका.