निवत नाही

तिरुविडैमरुदूरला माझ्या नवऱ्याच्या आत्या राहतात. तंजावरची गादी गेल्यावर अमरसिंह १७९८ नंतर या गावी येऊन राहिले, पण आत्यांचं घराणं दरबारी वगैरे नव्हे. पूर्वज हिशेब लिहायचे. आत्या हिशेब तमिळमध्ये करतात आणि रागावतात मराठीत.

गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याकडे आठ दिवस होते. जवळच्याच कुंभकोणमच्या कु. प. राजगोपालन (१९०२–१९४४) यांची ‘आट्रामै’ ही कथा मराठीत आणत होते. सावित्रीचा नवरा दूरगावी. शेजारच्या खोलीत एक सुखी जोडपं. रात्री त्यांच्याकडे कुणी भेटायला येतं, आणि ही त्याला नको त्या वेळी त्यांच्या दाराशी पाठवते. मग स्वतःच कोलमडते. मी मराठी शीर्षक दिलं होतं ‘मत्सर’.

तौलनिक साहित्यात एम. ए. करताना आम्ही लॉरेन्स वाचला. १९१५ साली त्याच्या ‘द रेनबो’च्या प्रती न्यायालयाच्या हुकमाने नष्ट केल्या गेल्या. खाण आली, भोंगा आला आणि नवराबायकोतलं अंतर बदललं, हे आम्ही त्याच्याकडून शिकलो. तेव्हापासून मला भोंगा शोधायची खोड लागली. इथे कावेरीच्या खोऱ्यात भाताची खाचरं, शेजारच्या तिरुभुवनमला रेशमाचे माग. भोंगा नाहीच. ‘औद्योगिक संदर्भ नाही’ असं मी वहीत लिहूनही टाकलं.

आपल्याकडेही मी तेच केलं होतं. मामा वरेरकरांचा ‘धावता धोटा’ गिरणीच्या कप्प्यात, विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ स्त्रीमनाच्या कप्प्यात. ‘निःश्वास’ १९३३चे, त्याच साली मद्रासला ‘मणिक्कोडि’ सुरू झालं, ज्याच्या लेखकांत कु. प. रा. गणले जातात. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेत गिरणी नाही, पण पगार आहे. मुलीच्या पगारावर घर चालतं, म्हणून तिच्या लग्नाची घाई कुणालाच नाही. हे मी विसाव्या वर्षी वाचलं होतं आणि त्यात फक्त उसासे ऐकले होते.

आत्यांना कथा वाचून दाखवली, तेव्हा त्या कॉफी करत होत्या. शीर्षक ऐकून म्हणाल्या, “मत्सर कसला? त्या पोरीला शेजारणीचा नवरा हवाय का?”

पेल्यातली कॉफी उंचावरून वाटीत, वाटीतली पुन्हा पेल्यात ओतत त्या म्हणाल्या, “हे आम्ही काय म्हणतो? आत्तु. तुझ्या कथेतला शब्द तोच.”

खरंच तोच. आट्रु म्हणजे निववणे. आट्रामै म्हणजे निववता न येणं.

मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, पाठ माझ्याकडे ठेवूनच. यजमान त्रिचीजवळ पोन्मलैच्या रेल्वे कारखान्यात. शनिवारी रात्रीच्या गाडीने यायचे, रविवारी रात्रीच्या गाडीने जायचे. अकरा वर्षं. “आमच्या खोल्यांना दारं होती, पण भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नव्हत्या. थोरल्या जावेचे यजमान गावातच मास्तर.” पुढे काही बोलल्या नाहीत. माझ्या वहीतलं ते वाक्य मी त्यांच्यासमोर खोडलं नाही, रात्री खोडलं.

संध्याकाळी त्यांनी मला महालिंगस्वामींच्या देवळात नेलं. तिथे हातात दिवा धरलेली एक पितळी स्त्री आहे. तंजावरच्या मराठा घराण्यातली अम्मणू अम्मणी. नात्यातल्या प्रतापसिंहाशी लग्न व्हावं म्हणून तिने लक्षदीपाचा नवस केला, आणि १८५३ साली स्वतःचीच मूर्ती दीप घेऊन उभी केली. आपल्याला कोण हवं होतं हे पीठावर कोरून. आत्या मूर्तीपाशी थबकल्या, मग म्हणाल्या, “हिला परवडलं.”

आता शीर्षक ‘निवत नाही’ आहे. पण आट्रुमध्ये सोसणंही आहे, पार पाडणंही आहे. आमच्या निवण्यात ते बसत नाही. ‘सोसवेना’ घेतलं तर कॉफी जाते. संपादकांना मंगळवारपर्यंत कळवायचं आहे.