भाकर मोडली तेव्हा

देव माणसाला आपली ओळख कशी देतो, या प्रश्नाला ख्रिस्ती धर्मशास्त्राकडे नेटकं उत्तर आहे: सृष्टीतून, संदेष्ट्यांच्या तोंडून आणि अखेर पुत्राच्या रूपाने. उत्तर मला मान्य आहे. तरी माझं मन अडतं ते लूकच्या शुभवर्तमानातल्या चोविसाव्या अध्यायापाशी.

येशूला क्रुसावर दिल्याचा तिसरा दिवस. दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघालेत. वाट साधारण ११ किलोमीटरची. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं लूक सांगतच नाही. वाटेत एक अनोळखी माणूस सोबतीला येतो. तो येशूच, पण यांना पत्ता नाही. मोशेपासून सुरुवात करून तो शास्त्र उलगडून सांगतो. अंतःकरण पेटतं, पण ओळख? छे! खुद्द प्रभूच्या प्रवचनाची ही गत. (पाळकांनी रविवारी फार मनाला लावून घेऊ नये.) दिवस कलला म्हणून ते त्याला आग्रहाने ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर पाहुणाच भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो. तेव्हा कुठे डोळे उघडतात, आणि तो दिसेनासा होतो. पवित्र मिस्सातही आधी वाचन-प्रवचन आणि मग भाकर, हाच क्रम आहे.

काराव्हाज्योने १६०१ साली हा क्षण रंगवला; चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. एक शिष्य खुर्चीतून उसळतोय, त्याची बाही कोपरावर फाटलेली. फळांची टोपली टेबलाच्या कडेशी, आत्ता पडेल की मग. शेजारी खानावळवाला उभा. उजेड त्याच्याही तोंडावर आहे, पण त्याला काही म्हणजे काही कळलेलं नाही. लूकच्या गोष्टीत हा माणूस नाही. चित्रकाराने तो पदरचा घातला, आणि फार बरं केलं. देवाचं प्रकट होणं म्हणजे नुसता डोळे दिपवणारा चमत्कार असता, तर यालाही कळलं असतं.

पण त्याला ओळखायला येशूशी जुनी ओळख हवीच, असंही नाही. पौल तर ख्रिस्ती लोकांना धरून आणायला दमास्कसला निघाला होता, आणि वाटेतच येशू त्याला भेटला. देव भेटतो तो त्याच्या मर्जीने. मुठीत धरू पाहावं तर हाती भाकर उरते.

पाहुण्याला ‘आता रात्र होतेय, जाऊ नका’ म्हणणारे ते दोघं मात्र तडक उठून, तेवढीच वाट तुडवत यरुशलेमला परततात. तिथे यांनी तोंड उघडण्याआधीच बाकीचे सांगतात, ‘प्रभू उठलाय, शिमोनाला दिसला!’ शिमोनाला तो कुठे, कसा दिसला, याबद्दल लूक अवाक्षर काढत नाही.