लाइन क्लिअर

डायल-अप म्हणजे साध्या टेलिफोनच्या तारेवरून, नंबर फिरवून, ठरावीक वेळेपुरती मिळवलेली इंटरनेटची जोडणी. विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी ही सेवा भारतात सर्वसामान्यांसाठी खुली केली, तेव्हा तिची केंद्रे मोजक्या महानगरांतच होती. त्यामुळे करमाळा तालुक्यातील जेऊरसारख्या गावातून, म्हणजे 02182 या एसटीडी कोडच्या मुलखातून, इंटरनेट गाठायचे तर आधी दूरच्या शहराला कॉल लावायचा आणि जोडणी टिकेल तितका वेळ मीटर पडू द्यायचे, एवढाच मार्ग होता. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरत, म्हणून असे काम बहुधा निजानीज झाल्यावरच हाती घेणे परवडे.

संगणकाच्या अंकांचे आवाजात आणि आवाजाचे पुन्हा अंकांत रूपांतर करणारे उपकरण म्हणजे मॉडेम. टेलिफोनची तार माणसाच्या बोलण्यासाठी घातलेली, साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज वाहून नेणारी. तेव्हा पावसाळ्यात केबलच्या सांध्यात ओल शिरली की आधी खरखर वाढे, मग वेग घसरे आणि शेवटी जोडणीच तुटे.

लिनक्स ही युनिक्सच्या घडणीची, मोफत मिळणारी कार्यप्रणाली भारतात अनेकांच्या हाती प्रथम पडली ती ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत येणाऱ्या सीडीतून. लिनक्समध्ये डायल-अप सुरू करण्याचे काम साध्या मजकुराच्या चार-दोन फायलींवर चाले, आणि या कामाचे खरे मोल त्या फायलींतच आहे. ‘चॅट’ नावाच्या छोट्या प्रोग्रॅमला द्यायची फाइल अपेक्षा आणि उत्तर यांच्या जोड्यांची असते: मॉडेमला ‘एटीझेड’ पाठवावे, ‘ओके’ येण्याची वाट पाहावी, मग ‘एटीडीटी’पुढे नंबर द्यावा आणि ‘कनेक्ट’ येईपर्यंत थांबावे, ‘बिझी’ आले तर तिथेच सोडून द्यावे. एक्स्चेंज जुने असून त्याला टोन कळत नसेल, तर शेवटच्या ‘टी’ऐवजी ‘पी’ लिहावा, म्हणजे मॉडेम चकतीच्या फोनच्या पद्धतीने एकेक आकडा फिरवी. डायल टोन मॉडेमलाच ओळखू येत नसेल, तर ‘एटीएक्स3’ ही आज्ञा देऊन टोनची वाट न पाहता नंबर फिरवायला लावता येई. शहरातील तंत्रज्ञ गावी येण्याची वाट न पाहता, एका अक्षराच्या बदलाने आपल्या एक्स्चेंजशी जुळवून घेण्याची ही मुभा फार मोठी होती.

पलीकडचा संगणक उत्तर देऊ लागला की पडद्यावर अचानक निरर्थक चिन्हे उमटत, त्यांत ‘~’ आणि ‘}’ पुन्हा पुन्हा दिसत. नवख्याला तो बिघाड वाटे. वस्तुतः पीपीपी, म्हणजे दोन टोकांमधील संवादाचा नियमसंच, सुरू झाल्याची ती खूण असे, कारण पहिले चिन्ह प्रत्येक संदेशाची सीमा दाखवते.

पीपीपीची रीत समजायला जेऊरची रेल्वे उपयोगी पडते. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा दिक्साळ ते बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, हा टप्पा 1859 मध्ये खुला झाला. जेऊर याच टप्प्यावर येते, आणि पुढच्या स्टेशनाने ‘लाइन क्लिअर’ दिल्याखेरीज गाडी सोडायची नाही, ही रेल्वेची शिस्त अशा गावाला अपरिचित नाही. पीपीपीही तशाच शिस्तीने चालते: एक टोक संदेशाचा आकार आणि ओळख पटवण्याची पद्धत सुचवते, दुसरे ती मान्य करते, नाकारते किंवा पर्याय सुचवते, आणि दोन्हीकडून संमती मिळाल्यावरच नाव आणि पासवर्ड तपासून त्या कॉलपुरता आयपी पत्ता दिला जातो. ‘पीपीपीडी’ या प्रोग्रॅमला ‘डीबग’ हा पर्याय दिला, तर या विचारपुशीतील प्रत्येक ओळ लॉगमध्ये उतरते, आणि जोडणी का तुटली, खोट पासवर्डात होती की तारेत, हे तिथे वाचता येते. खिडकीतील एका बटणावर जोडणी लावून देणाऱ्या प्रणालींनी सोय दिली खरी, पण ही वाचण्याची संधी काढून घेतली. शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो तोटाच म्हटला पाहिजे.

पासवर्डाच्या फाइलवर फक्त रूटला, म्हणजे प्रणालीच्या मुख्य वापरकर्त्याला, वाचण्या-लिहिण्याची परवानगी ठेवणे, ‘डिफॉल्टराउट’ लिहून सारी वाहतूक या जोडणीकडे वळवणे आणि ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मध्ये नावांचे पत्ते शोधून देणाऱ्या सर्व्हरची नोंद करणे, एवढे झाले की काम पुरे होई.

पीपीपीचा 1994 मधील नियमसंच अजून वापरातून गेलेला नाही. बीएसएनएलच्या फायबर जोडणीत राउटर ज्या पीपीपीओईने, म्हणजे ईथरनेटवरून चालणाऱ्या पीपीपीच्या पद्धतीने, नाव आणि पासवर्ड देतो, तिच्या आत हीच विचारपूस चालते, आणि लिनक्सवर चालणाऱ्या अनेक राउटरांत ती ‘पीपीपीडी’च करतो.