शरदातली तीर्थन

ऑक्टोबर लागला की तीर्थन निवळते. पावसाळाभर गढूळ पाणी घेऊन धडाडत धावणारी हिमाचलातली ही नदी शरदात अशी निवळशंख होते की तळाचा गोटा अन् गोटा दिसावा. अगस्तीचा तारा उगवला की पाणी निवळतं, असं आपल्याकडे जुनी माणसं सांगत. बंजारच्या या अरुंद खोऱ्यात अगस्ती डोंगराआडच राहतो, पण पाणी आपला नेम चुकवत नाही.

हेच दिवस ट्राउटचे. ब्राउन ट्राउट मूळची युरोपातली. 1900 मध्ये तिची अंडी स्कॉटलंडहून काश्मिरात आली आणि 1909 च्या सुमारास ती कुलूच्या नद्यांत रुजली. इथल्या मूळच्या माशांच्या घासात ती वाटेकरी झाली, हे विसरता येत नाही. तरीही तिच्यावर माझा जीव आहे.

एरवी गळ टाकताना वजन गळाजवळ असतं, शिसं दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलट. आमिष म्हणजे आकड्यावर रेशमाने बांधलेलं कोंबड्याच्या मानेचं पीस, फुंकरीने उडेल इतकं हलकं. वजन असतं दोरीत. ती डोक्यामागे पूर्ण उलगडू द्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे सोडायची. सगळं कसब त्या थांबण्यात आहे. घाई केली तर दोरी हवेत कडाडते आणि पीस तुटून कुठल्या कुठे जातं.

पाण्यातला दगड उलटून पाहावा. त्याला वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली असते. आत एक अळी राहते. तोंडातून निघणाऱ्या रेशमाने कण सांधून तिने ते घर बांधलेलं असतं. पुढे तिला पंख फुटतात. ते पीस म्हणजे अशाच एखाद्या किड्याचं सोंग. ट्राउट धारेकडे तोंड करून, जिथे संथ पाण्याला वेगाचं पाणी भिडतं तिथे दबा धरते. म्हणून जायचं ते खालच्या अंगाने, तिच्या पाठीमागून. पीस प्रवाहाच्याच चालीने वाहायला हवं. धारेने दोरी ओढली की पिसामागे पाण्यावर बारीक रेघ उमटते, आणि तेवढ्या रेघेवरून ती सोंग ओळखते.

लागलीच, तर हात आधी पाण्यात भिजवावेत. कोरड्या तळव्याला तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तोच तिचं कवच असतो. पोट हळदुलं, कुशीवर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. नराचा खालचा जबडा या दिवसांत वर वळू लागतो. विणीचे दिवस जवळ आलेले असतात. परवान्यात मासा ठेवायची मुभा असली, तरी शरदातली ट्राउट सोडून द्यावी असं मला मनापासून वाटतं. प्रवाहाकडे तोंड करून धरायची; दम आला की ती आपणच निसटते.

1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर मासेमारी बंद. मादी शेपटीने वाळूगोटे उकरते, अंडी घालते आणि पुन्हा गोटे लोटून ती झाकते. हिवाळाभर त्या अंड्यांना गोट्यांच्या फटींतून वाहणारं थंड, स्वच्छ पाणी लागतं. गाळ बसला की ती गुदमरतात. रस्ते फोडताना नदीत ढकललेला राडारोडा म्हणूनच गळाहून घातक.

ऑक्टोबरअखेरीस पाण्यात उतरताना पायाखाली नीट बघावं. शेवाळलेल्या काळपट तळात परातीएवढा उजळ, घासून काढलेला तुकडा दिसला, तर तिथून माघारी फिरावं, काठाने वळसा घालावा आणि वरच्या डोहाशी पुन्हा उतरावं.